पाच नंबरचा पंप कुणी वाढवला?

१

"चोरी होतेय," औषधवाले काका म्हणाले.

हळू म्हणाले, कारण अतिदक्षता विभागात सगळंच हळू म्हणायचं असतं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. दुधी काचांमधून उजेड असा झिरपत होता की बाहेर ऊन आहे की ढग, काही कळायला मार्ग नव्हता. दहा खाटांवर दहा माणसं झोपली होती आणि दहा यंत्रं त्यांच्यासाठी श्वास घेत होती. त्या एकसुरी सुस्काऱ्यांत थोडा वेळ बसलं की धडधाकट माणसाच्याही पापण्या जड व्हायच्या.

भूलबाईंच्या तर झाल्याच होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्या डोळे मिटून बसल्या होत्या. वय साठीला टेकलेलं, अंगानं गोल, चष्मा कपाळावर. शस्त्रक्रियेत भूल द्यायची, यंत्रावरच्या माणसांना झोपवायचं, त्यांचं दुखणं दाबायचं, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. लोकांना झोपवता झोपवता बाई स्वतःच अर्ध्या झोपेत गेल्यात, असं विभागात सगळे म्हणायचे आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की झोपवायला कुणालाही येतं, उठवायला अक्कल लागते.

"काय चोरीला गेलं?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"झोपेचं पांढरं औषध. वीस मिलीची एक बाटली, रोज. गुरुवारपासून आजपर्यंत पाच दिवस, पाच बाटल्या."

"फुटली असेल, सांडलं असेल."

"रोज? मोजून एक?" काका दुखावले. "मी बारा वर्षं ही खिडकी सांभाळतोय, बाई. कुठल्या खाटेला तासाला किती जातं, सकाळच्या उठवणीला किती वेळ थांबवतात, ते सगळं धरून मी बाटल्या देतो. आणि एकाच खाटेवर जास्त मागतात."

"कुठल्या?"

"पाच नंबर."

भूलबाईंनी डोळे उघडले. आठवड्याभराच्या रजेवरून त्या आजच परतल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांच्या कानावर एकच गोष्ट घातली गेली होती. पाच नंबरचे मास्तर उठत नाहीत. मुलांना पोहायला शिकवण्यात उभा जन्म घालवलेला माणूस, छातीत जंतू जाऊन यंत्रावर आला. फुप्फुसं सुधारली, ताप उतरला, पण गुरुवारपासून रोज सकाळी झोपेचं औषध थांबवून हाका मारल्या तरी पापणी हलली नव्हती. मेंदू गेला असावा, असं विभागाच्या साहेबांचं मत पडलं होतं. चार वाजता ते मास्तरांच्या लेकीला बोलावून सांगणार होते, आणि पुढे आता किती ताणायचं ते तिनं ठरवायचं होतं.

एक माणूस उठत नव्हता आणि त्याच्याच उशाशी झोपेचं औषध चोरीला जात होतं. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

२

धाकटे डॉक्टर पाच नंबरपाशीच उभे होते. हुशार माणूस, पण दहा खाटांमागे पळून पळून चेहरा पिळून निघालेला.

"उठवणीला औषध थांबवलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"हो तर. हे बघा." त्यांनी खाटेच्या पायथ्याची पाटी पुढे केली. "साडेनऊला वाढवलंय, पावणेअकराला पूर्ववत. पाचही दिवस, सहीनिशी. साडेदहाला मी स्वतः येतो. नावानं हाक मारतो, हात दाबा म्हणतो, नखावर पेन दाबतो. काही नाही."

"सव्वा तासच का? पुढे उघडं ठेवायचं."

"फुप्फुसं अजून कच्ची आहेत. साहेब म्हणाले सव्वा तास बघा, नाही उठले तर परत चालू."

बाईंनी मान डोलावली. कागद चोख होता. पंप खाटेच्या डोक्याशी एका उभ्या दांड्यावर होते, एकाखाली एक. वरच्यात दुखण्याचं औषध, पाण्यासारखं. खालच्यात झोपेचं, दुधासारखं. दांडा किंचित भिंतीकडे वळला होता, त्यामुळे पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त भिंतीवर पडलेला हिरवा उजेड.

"साडेदहाला पंप बघता का?"

"हिरवा दिवा दिसतो. तो तर असणारच, दुखण्याचा पंप उठवणीतही चालूच ठेवतो आपण." आणि मग जरा ओशाळून, "पाटी बघतो ना, बाई."

मास्तर झोपले होते. साठ-पासष्टचं वय, रुंद खांदे, तोंडातून यंत्राकडे गेलेली नळी. बाईंनी त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला. त्यांची एक जुनी समजूत होती: झोपलेल्या माणसाला दुखत नाही असं नव्हे, तो फक्त तक्रार करत नाही. म्हणून त्या तोंडाऐवजी चेहऱ्याला विचारायच्या. भुवया, जबडा, मुठी. आत्ता सगळं सैल होतं.

मग त्यांनी रक्तदाबाचा तक्ता उचलला, आणि उभ्या उभ्या त्यांची झोप उडाली.

झोपेचं औषध रक्तदाब खाली ओढतं. ते थांबवलं की दाब वर यायला हवा, माणूस उठो वा न उठो. इथे गुरुवारी दहा वाजता दाब एक पायरी उतरला होता आणि अकरानंतर परत चढला होता. शुक्रवारी तेच. शनिवारी, रविवारी, आज, तेच. मास्तरांचं औषध थांबलं की मास्तर जास्तच खोल जात होते.

३

मास्तरांची लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर वडिलांचा चष्मा, आणि त्याच्या काचा ती ओढणीनं पुन्हा पुन्हा पुसत होती. बाई शेजारी टेकल्या.

"चारला बोलावलंय तुला."

"ठाऊक आहे. काय सांगणार तेही ठाऊक आहे." आवाज कोरडा होता. "मॅडम, बाबा मला म्हणून ठेवायचे, मला लाकडासारखं पाडून ठेवू नका. आता ते खरंच गेले असतील तर मी त्यांचं ऐकलं पाहिजे. पण मला वाटत नाही ते गेलेत म्हणून. आणि माझ्या वाटण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवून बघते. का वाटत नाही?"

"चार वाजता मी भेटायला जाते ना, तेव्हा ते कुशीवर वळवतात त्यांना. त्या वेळी त्यांच्या कपाळाला आठी पडते. परवा तर डोळ्यांतून पाणी आलं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, होतं असं आपोआप, आशा लावून घेऊ नका."

"सकाळी?"

"सकाळी नाही. सकाळी अगदी दगड."

म्हणजे हा माणूस दिवसभरात कधीही वर यायला तयार होता, फक्त उठवणीची वेळ सोडून. समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता, तो हळूहळू खाली सरकत होता.

"एक विचारू? रागावू नकोस. पंपाला हात लावला होतास का? दांडा भिंतीकडे वळलाय, म्हणून विचारते."

लेकीच्या हातातला चष्मा थांबला. चेहरा पांढराफटक पडला. बाईंच्या मनात नको त्या शंकेची पाल चुकचुकली. बापाचे हाल बघवत नाहीत म्हणून लेकीनं काहीबाही केल्याचं त्यांनी पूर्वी ऐकलं होतं.

"लावला," ती म्हणाली. "बुधवारी."

४

"तो हिरवा दिवा सारखा त्यांच्या तोंडावर पडायचा. बाबांना उजेडात झोप लागत नाही, पहिल्यापासून. म्हणून दांडा जरासा भिंतीकडे फिरवला. बटणाला नाही हात लावला. शप्पथ."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खरं बोलतेय, हे कळायला डोळे उघडे लागत नाहीत.

पण त्यामुळे गाठ सुटली नाही, फक्त सैल झाली. पंपाचे आकडे कुणाला दिसत नव्हते. मग साडेनऊ ते पावणेअकरा त्या पंपाशी कोण होतं?

पाच नंबर गुरुवारपासून नव्या सिस्टरांकडे होता. चाळिशीच्या बाई, दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयातून बदलून आलेल्या, हाताला सराईत. भूलबाई गेल्या तेव्हा त्या मास्तरांच्या टाचांना तेल लावत होत्या, एवढ्या हलक्या हातानं की काही नीटनेटकं गुंडाळून ठेवतायत असं वाटावं.

"कसं वाटतंय इथे?"

"चांगलं आहे, मॅडम. माणसं मायेची आहेत." मग जरा थांबून, "एक पद्धत तर मला फारच आवडली. आमच्याकडे आंघोळ, कुशी बदलणं, पाठीची जखम पुसणं, सगळं तसंच उरकायचे. कळ मारली तर मारली. इथे आधी पेशंटचा विचार करतात."

बाईंना हे बोलणं सुखद वाटलं आणि त्या पुढे निघाल्या. दहा पावलांवर गेल्यावर त्यात काहीतरी खुपल्यासारखं झालं, पण काय ते हाताला लागेना. स्वप्नातून उठल्यावर शेवटचा तुकडा निसटावा तसं.

मोठ्या सिस्टर चहाचा पेला घेऊन काचेच्या केबिनमध्ये उभ्या होत्या. बावीस वर्षं हा विभाग त्यांच्या मुठीत होता. आवाज कधी चढला नाही, आणि शब्द कधी खाली पडला नाही.

"बाई, चोर सापडला तर आधी मला सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्याच हाताखालचं कुणीतरी असणार. मान खाली जायची ती माझी."

"चोर आहे असं मला अजून वाटत नाही. मास्तर ऐकतात का हो, सिस्टर?"

"सगळेच ऐकतात." मोठ्या सिस्टरांनी काचेतून दहा खाटांवर नजर फिरवली. "कान सगळ्यात शेवटी झोपतात. मी नवीन होते तेव्हा एक आजीबाई होत्या यंत्रावर. बऱ्या होऊन घरी जाताना मला म्हणाल्या, पोरी, तू रोज सकाळी माझ्या डोक्याशी उभी राहून बंद करा, बंद करा म्हणायचीस. मला वाटायचं मलाच बंद करतायत. मी आतून ओरडायचे, अगं थांबा, मी आहे अजून. त्या दिवसापासून माझ्या विभागात खाटेशी तो शब्द कुणी उच्चारत नाही. चुकून आला तरी जीभ चावतात."

"हो, हे ठाऊक आहे मला. आता माझ्याही तोंडात तो येत नाही," बाई म्हणाल्या.

घड्याळात एक वाजायला आला होता. तीन तास उरले होते, आणि बाईंच्या हातात रोजची एक हरवलेली बाटली, एक भलतीकडे चालणारा रक्तदाब आणि सगळी चांगली माणसं, एवढंच होतं.

५

विचार करायचा झाला की भूलबाई औषधवाल्या काकांच्या खिडकीपाशी जाऊन बसायच्या. तिथे एक मोडकी आरामखुर्ची होती आणि औषधांच्या खोक्यांचा गार, कोरडा वास. त्यांनी डोळे मिटले. पुढचे आकडे त्यांच्या डोक्यात आपोआप तरंगायला लागले.

रोज जवळजवळ एक बाटली, वीस मिली. मास्तरांना तासाला आठ मिली जातं. सव्वा तास थांबवलं तर त्या वेळात जायला हवं शून्य. आणि ते थांबलंच नसेल, आठनंच चालू राहिलं असेल, तर सव्वा तासात जातील दहा. म्हणजे अर्धी बाटली. वीस होत नाहीत. सव्वा तासात वीसच्या आसपास जायला पंप पंधरावर चालायला हवा. पंधरा का? चौदा का नाही, वीस का नाही?

पंधरा हा आकडा त्यांनी आज कुठेतरी पाहिला होता. डॉक्टरांच्या कागदावर. झोपेचं औषध, तासाला पाच ते पंधरा, गरजेप्रमाणे. पंधरा ही वरची हद्द होती. जो कुणी होता त्यानं हद्द पाळली होती. चोर हद्द पाळत नाही, आणि मारेकरी तर नाहीच नाही.

खिडकीपाशी पावलं वाजली. नव्या सिस्टर दुपारची औषधं न्यायला आल्या होत्या. काकांनी पिशवी त्यांच्या हातात ठेवली आणि जेवणाच्या डब्याकडे हात नेत म्हणाले, "बरं झालं वेळेत आलात. आता मी दुकान वाढवतो."

"वाढवता?" नव्या सिस्टर हसल्या. "एवढ्याशा खोलीत? कुठे वाढवणार, काका? भिंत पाडणार की काय?"

काकाही हसले. "अहो, वाढवतो म्हणजे..." आणि त्यांनी खिडकीचं शटर अर्ध्यावर ओढलं.

आरामखुर्ची करकरली. भूलबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"सिस्टर, तुमच्या घरी दुकान वाढवणं म्हणजे काय?"

"म्हणजे... मोठं करणं. दुसरं काय?"

"आणि दिवा वाढवला म्हणजे?"

"वात पुढे केली. उजेड मोठा केला." नव्या सिस्टरांचं हसू ओसरत चाललं होतं. "का, मॅडम?"

"सकाळी साडेनऊला मोठ्या सिस्टर तुम्हाला काय सांगतात? शब्द न् शब्द सांगा."

"सांगतात, पाचचं झोपेचं वाढव."

"मग तुम्ही काय करता?"

"वाढवते. पेशंटला हलवायच्या आधी गाढ झोपवायचं ना, म्हणजे दुखत नाही." त्यांच्या हातातली पिशवी खाली आली. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, किती वाढवू. त्या म्हणाल्या, विचारतेस काय, पूर्ण वाढव. कागदावर पंधरापर्यंत होतं. पूर्ण म्हणजे पंधरा."

काकांचा हात अर्ध्या शटरवर तसाच राहिला.

६

भूलबाईंनी सगळ्यांना त्या औषधांच्या खोलीतच बोलावलं. खाटेशी बोलायची ही गोष्ट नव्हती. साहेब आले, धाकटे डॉक्टर आले, मोठ्या सिस्टर आल्या, आणि लेकीलाही बाईंनी हाताला धरून आत घेतलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"चोरी झालेली नाही," बाई म्हणाल्या. "पाचही बाटल्या मास्तरांच्याच अंगात गेल्या. आपल्या विभागात बंद म्हणत नाहीत. जुन्या घरांतून जसा दिवा विझवला म्हणत नसत, वाढवला म्हणत, बांगडी फुटली म्हणत नसत, वाढली म्हणत, तसं आपण पंप वाढवतो. वर्षानुवर्षं ऐकून आपले कान एवढे पक्के झाले की त्या शब्दाला दुसरा अर्थ आहे, खरा, रोजचा अर्थ आहे, हे आपण विसरलो. नव्या सिस्टर ते शिकलेल्या नव्हत्या. त्यांना सांगितलं वाढव, त्यांनी वाढवलं. पूर्ण म्हटलं, त्यांनी पूर्ण केलं. पाटीवर प्रामाणिकपणे लिहिलं, वाढवलं. आणि आपण सगळ्यांनी ते वाचलं, बंद केलं."

"पण मी साडेदहाला..." धाकटे डॉक्टर म्हणाले आणि थांबले.

"तुम्ही माणसाला उठवायला जायचात तेव्हा तो दिवसातल्या सगळ्यात गाढ झोपेत असायचा. पंपाचा आकडा दिसला असता, पण तो भिंतीकडे होता, कारण एका लेकीला बापाच्या डोळ्यांवरचा उजेड सोसवेना."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. नव्या सिस्टर भिंतीला टेकून रडत होत्या, आवाज न करता, पदराआड नाही, तशाच सगळ्यांसमोर. "मी परत विचारायला हवं होतं," त्या म्हणत होत्या. "मला वाटलं मी त्यांचं दुखणं वाचवतेय."

"विचारलंत की तुम्ही," बाई म्हणाल्या. "उत्तरही मिळालं."

मोठ्या सिस्टर मोडक्या आरामखुर्चीत बसल्या. बावीस वर्षांत त्यांना कामाच्या वेळात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "मी माझ्या तोंडानं," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी, त्यांच्या उशाशी उभी राहून. कुणाला भीती वाटू नये म्हणून जो शब्द टाकला, त्याच्या जागी मी..." बाईंना त्या वेळी त्यांची फार दया आली आणि स्वतःचाही राग आला, कारण सकाळी ती पाटी त्यांनीही वाचली होती आणि मान डोलावली होती. भूल देणं आणि भूल होणं यात एका क्रियापदाचं तर अंतर, आणि पस्तीस वर्षं त्या रस्त्यावरून चालूनही त्या घसरल्या होत्या.

"हे सगळं लेखी येईल," साहेब म्हणाले. "आणि आजपासून पाटीवर शब्द नको, आकडा. आठचे शून्य केले, शून्याचे आठ केले." मग लेकीकडे वळून, प्रथमच जरा अवघडून, "चारची भेट आपण पुढे ढकलू."

"ढकलू नका," लेक म्हणाली. "चारपर्यंत मला कळू दे बाबा आहेत की नाहीत."

प्रश्न आता तेवढाच उरला होता. पंप चुकीनं चालला हे खरं. पण म्हणून मेंदू शाबूत आहे असं काही कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

७

एक वाजून वीस मिनिटांनी ते मास्तरांच्या खाटेशी उभे राहिले. भूलबाईंनी दांडा परत पुढे फिरवला. आकडे दिसायला लागले: दुखण्याचं दोन, झोपेचं आठ. नव्या सिस्टरांनी बटणाकडे हात नेला आणि मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. सवयीनं. सांगायचं काम त्यांचं होतं.

मोठ्या सिस्टर वाकल्या. मास्तरांच्या कानाशी तोंड नेलं आणि बावीस वर्षांत प्रथमच तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"मास्तर, आम्ही झोपेचं औषध बंद करतोय. फक्त औषध. तुम्ही चालू आहात."

आठचे शून्य झाले. नव्या सिस्टरांनी वेळ घालून पाटीवर तसं लिहिलं.

मग थांबणं आलं. पाच दिवसांचं मुरलेलं औषध, ते काय हाक मारल्यासरशी जाणार? दोन वाजले. यंत्र सुस्कारे टाकत होतं. दुधी काचेतला उजेड पिवळसर झाला आणि खाटेवरून हळूहळू चढत मास्तरांच्या छातीपाशी आला. लेक त्यांचा हात धरून बसली होती. भूलबाईंच्या पापण्या पुन्हा जड झाल्या, पण त्यांनी आज त्या मिटू दिल्या नाहीत. पावणेतीनला दाब एक पायरी चढला. सव्वातीनला मास्तरांच्या भुवया जवळ आल्या, जबडा आवळला, यंत्राच्या श्वासाला त्यांच्या छातीनं जरा धक्का दिला.

"दुखतंय त्यांना," नव्या सिस्टर म्हणाल्या.

"दुखतंयच. दुखण्याचं दोनाचे तीन करा," बाई म्हणाल्या. "जागं करायचं म्हणजे छळायचं नव्हे."

धाकट्या डॉक्टरांनी हाक मारली. नाव घेऊन, मोठ्यानं. भुवया सैल पडल्या. पापण्या मात्र मिटलेल्याच होत्या. त्यांनी परत हाक मारली. साडेतीन वाजून गेले. साहेब केबिनच्या काचेमागे उभे होते.

लेक पुढे झुकली. तिनं बापाचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, नळीच्या पट्टीला धक्का न लागू देता, आणि ती बोलली तेव्हा आवाजात आर्जव नव्हतं, जरब होती. एखाद्या घाबरलेल्या पोराला पाण्यात उतरवताना असते तशी. ती जरब तिनं कुणाकडून उचलली होती ते सगळ्यांना कळलं.

"पाण्याखाली डोळे उघडे ठेवायचे," ती म्हणाली. "मिटले तर मार मिळेल."

मास्तरांनी डोळे उघडले.

ते आधी छताकडे पाहत राहिले. मग नजर खाली आली, लेकीवर ठरली, आणि तिच्या हातातली बोटं एकदा दाबली गेली. धाकट्या डॉक्टरांनी "परत दाबा" म्हटलं, तेव्हा परत. लेक खाटेच्या कठड्यावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागली. साहेबांनी चारच्या भेटीचा कागद घडी करून खिशात घातला.

नळी तिसऱ्या दिवशी निघाली. त्याच्या आदल्या सकाळी मास्तर उशीला टेकून बसले होते आणि नव्या सिस्टरांनी त्यांना लिहायला एक छोटी पाटी दिली होती. एकेका अक्षराला श्वास लागत होता. भूलबाई आणि मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या, आणि मास्तरांना अजून यातलं कुणीही काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं, ते असं होतं: मी तळाशी होतो. वर यायला लागलो की रोज कुणीतरी म्हणायचं वाढव, आणि पाणी वाढायचं.

ते थांबले, पाटीची दुसरी बाजू वळवली आणि पुन्हा लिहू लागले: मग एक दिवस कुणीतरी म्हणालं बंद. आणि पाणी थांबलं. कोण होतं ते?

मोठ्या सिस्टरांनी दोन्ही बाजू वाचल्या. त्यांनी मास्तरांच्या हातातला खडू घेतला, त्यांच्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात लिहिलं, "दोन्ही वेळा मीच," आणि पाटी त्यांच्यासमोर धरून उभ्या राहिल्या.

मास्तरांनी ते वाचायला बराच वेळ घेतला. मग हात पुढे करून त्यांनी अंगठ्यानं पहिले दोन शब्द पुसून टाकले आणि पाटी सिस्टरांना परत दिली.

प्रश्नाखाली उरलं होतं, "मीच."